पडद्यावरील हेरांचा लपंडाव

हेर म्हटला कीं मराठी मनुष्यास पहिल्यानें बहिर्जी नाईकाचें नांव आठवतें. सुरतेची बातमी त्यानें शिवाजी महाराजांस आणून दिली, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु बहिर्जीनें शत्रूकडील किती माणसें मारलीं, असें कोणी विचारीत नाहीं. तो प्रश्नच गैरलागू वाटतो. हेराची थोरवी तो काय पाहून आला आणि कोणाच्या दृष्टीस न पडतां परत कसा आला, यांत असते. तरवार उपसण्याची पाळी आली म्हणजे त्याचें काम अर्धें फसलें असें समजावें.

ज्यांस आपण व्हिडिओ गेम म्हणतों, त्या पडद्यावरील खेळांत हेर हा नायक होऊन चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्याच्या हातांत बहुधा बंदूक असते, आणि म्हणून पुष्कळ पालकांची तक्रार असते कीं, या खेळांत गोळ्या झाडण्यापलीकडे कांहींच नाहीं. ही तक्रार सर्वस्वी निराधार आहे, असें आम्हांस म्हणवत नाहीं. तथापि या खेळांचा इतिहास पाहूं लागलें असतां एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. पडद्यावरील हेर जेव्हां जेव्हां खराखुरा हेर झाला, तेव्हां पुष्कळदां त्याचें कारण यंत्राची दुर्बलता किंवा खेळांतील कांहींतरी उणीव हेंच होतें. आणि यंत्राचें बळ वाढलें कीं त्या हेराचा शिपाई होऊं लागे. लपावें कीं मारावें, हा झगडा या खेळांत आरंभापासून चालत आला आहे. त्याचीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

इ. स. १९८१ सालीं जपानच्या सेगा कंपनीनें नाणें टाकून खेळावयाच्या यंत्रांकरितां "००५" नांवाचा एक खेळ काढला. त्यांत गुप्त कागदांची बॅग घेऊन हेरानें इमारतींतून व गुदामांतून वाट काढीत हेलिकॉप्टरपर्यंत जावयाचें, शत्रूच्या विजेऱ्यांचे झोत चुकवावयाचे, आणि प्रसंग पडल्यास खोक्यांआड दडावयाचें. त्याच वर्षीं अमेरिकेंत बाल्टिमोर शहरीं म्यूज सॉफ्टवेअर या कंपनींत सायलस वॉर्नर नांवाच्या गृहस्थानें ॲपल टू या घरगुती संगणकासाठीं "कॅसल वुल्फेनस्टाइन" हा खेळ रचला. "गन्स ऑफ नॅव्हरोन" हा युद्धपट त्याच्या पाहण्यांत आला होता, आणि यंत्रमानवांवर गोळ्या झाडीत खोल्याखोल्यांतून फिरण्याचा "बर्झर्क" हा खेळही त्याला ठाऊक होता. दोहोंची सांगड घालून त्यानें यंत्रमानवांच्या जागीं नाझी पहारेकरी बसविले. खेळणारा हा त्यांच्या किल्ल्यांतील बंदिवान. त्यानें युद्धाच्या गुप्त योजनेचे कागद हुडकून काढून पळून जावयाचें.

आजच्या मुलांस ॲपल टू वरील ती चित्रें पाहून हंसूं येईल. माणूस म्हणजे कांहीं रंगीत ठिपके, आणि भिंत म्हणजे एक रेघ. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, गोळ्या मोजक्या असल्यामुळें खेळणाऱ्यास प्रत्येक दाराशीं थबकावें लागे. पहारेकऱ्यावर बंदूक रोखली तर तो हात वर करी, व मग एकही गोळी न झाडतां त्याची झडती घेतां येई. गणवेश हातीं लागला तर तो अंगावर चढवून साध्या पहारेकऱ्यांच्या समोरून निघून जातां येत असे. आणि हे पहारेकरी बोलत! "हाल्ट" असा जर्मन शब्द त्या ओबडधोबड यंत्रांतून एकाएकीं ऐकूं आला, म्हणजे घरांत बसलेल्या मुलाच्या छातींत धडकी भरे.

या किल्ल्याचें पुढें काय झालें तें येथेंच सांगून टाकतों. अकरा वर्षांनीं, १९९२ मध्यें, अमेरिकेंतीलच इड सॉफ्टवेअर या मंडळींनीं तेंच नांव घेऊन "वुल्फेनस्टाइन थ्री-डी" हा खेळ काढला. त्यांत किल्ला आंतून, नायकाच्या डोळ्यांनीं दिसे. मेलेल्या शिपायाचें प्रेत ओढून लपविणें, त्याची झडती घेणें, हे जुन्या खेळांतील प्रकार त्यांनीं प्रथम घालून पाहिले होते. परंतु त्यामुळें खेळाचा वेग मंदावतो असें दिसून येतांच ते काढून टाकले. राहिलें तें धावणें आणि गोळ्या झाडणें. खेळ अतोनात गाजला. कैद्याचा किल्ला कत्तलखाना झाला, आणि लोकांस तोच अधिक आवडला, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

आतां पुनः १९८३ कडे वळूं. त्या वर्षीं दुकानांत ठेवावयाच्या यंत्रांवर हेरांचे दोन खेळ आले. बॅली मिडवे कंपनीच्या "स्पाय हंटर" मध्यें हेराची मोटार शत्रूंच्या मोटारींवर गोळ्या झाडी, पाठलाग करणाराच्या वाटेंत तेल सांडी, धूर सोडी. तो मूळचा जेम्स बाँडचाच खेळ व्हावयाचा होता. परंतु तें जुळलें नाहीं, म्हणून त्यांत "पीटर गन" या दूरदर्शनमालेचें संगीत घातलें. दुसरा खेळ जपानच्या टायटो कंपनीचा, "एलेव्हेटर ॲक्शन". त्यांतील हेर दोराच्या साह्यानें इमारतीच्या माथ्यावर उतरतो, लाल दारांमागील गुप्त कागद गोळा करीत लिफ्टनें खालीं येतो, आणि तळघरांतील मोटारींत बसून निघून जातो. या खेळांतील एक युक्ति आम्हांस फार आवडते. छताचा दिवा गोळी मारून पाडला कीं मजला अंधारांत बुडतो, आणि अंधारांत शत्रूंस हेर लौकर दिसत नाहीं. ही युक्ति एकोणीस वर्षांनीं पुनः आपल्या भेटीस येणार आहे.

पुढल्या वर्षीं आलेला "स्पाय व्हर्सस स्पाय" हा खेळ एका व्यंगचित्रमालेवरून घेतलेला होता. ती मालिका काढणारा आंतोनियो प्रोहियास हा मूळचा क्यूबाचा. फिडेल कास्ट्रोवर व्यंगचित्रें काढल्यामुळें त्याच्यावर अमेरिकेचा हेर असल्याचा आरोप आला, आणि १९६० मध्यें तो देश सोडून न्यूयॉर्कला गेला. खोट्या आरोपांतून सुटलेल्या या माणसानें तेथें दोन लांबनाके हेर निर्माण केले, एक काळा व एक पांढरा. दोघेही सारखेच धूर्त, सारखेच दुष्ट, आणि सारखेच फजीत पावणारे. खेळांत पडद्याचे दोन भाग केलेले असत व दोन मुलें शेजारीं शेजारीं बसून खेळत. एकानें कपाटांत सुरुंग पेरावा व दुसऱ्यानें तें कपाट उघडावें. मात्र पेरतांना शेजाऱ्याचा डोळा आपल्या अर्ध्या पडद्यावर असेल तर सारेंच मुसळ केरांत!

या सर्व खेळांत हेर होता, परंतु पहारेकरी म्हणण्यासारखा पहारेकरी नव्हता. तो आणण्याचें श्रेय बहुतांशीं हिदेओ कोजिमा या जपानी तरुणाकडे जातें. अर्थशास्त्र शिकून तो १९८६ मध्यें कोनामी कंपनींत नोकरीस लागला. एम. एस. एक्स. टू या घरगुती संगणकासाठीं एक युद्धाचा खेळ तयार करण्याचें काम त्याच्या अंगावर पडलें. युद्ध म्हटलें म्हणजे पुष्कळ शिपाई आणि पुष्कळ गोळ्या पाहिजेत. परंतु त्या यंत्राची अडचण अशी होती कीं, पडद्याच्या एका आडव्या ओळींत आठांहून अधिक हलतीं चित्रें त्याच्यानें दाखवत नसत. नववें चित्र दिसेनासेंच होई. नायक, चार शिपाई आणि त्यांच्या गोळ्या एकत्र आल्या कीं कांहीं गोळ्या अदृश्य होणार! अशा यंत्रावर युद्ध करावें कसें?

कोजिमानें युद्धच टाळलें. "द ग्रेट एस्केप" हा युद्धकैद्यांच्या पलायनाचा चित्रपट त्याच्या मनांत घोळत होता. शत्रूशीं लढावयाचें नाहीं, त्याच्या नजरेंतून निसटावयाचें, अशी त्यानें कल्पना काढली. पडद्यावर दोनतीन पहारेकरी असले तरी मग काम भागतें. किंबहुना ते थोडे असले तरच प्रत्येकाकडे लक्ष देतां येतें. अशा रीतीनें १९८७ मध्यें "मेटल गिअर" निघाला. त्याच्या नायकाचें नांव स्नेक, म्हणजे साप. आणि सापाप्रमाणेंच त्यानें शत्रूच्या तळांत सरपटत शिरावयाचें. पुठ्ठ्याच्या खोक्याखालीं बसून पहारेकऱ्यास चकविण्याची त्याची खोड पुढें इतकी प्रसिद्ध झाली कीं, तें खोकें आतां नायकाइतकेंच ओळखीचें झालें आहे.

येथें थोडें थांबून, पडद्यावरील पहारेकरी पाहतो म्हणजे काय करतो, हें समजून घेणें इष्ट आहे. संगणकास सर्व कांहीं अगोदरच ठाऊक असतें. नायक कोठें उभा आहे, तें त्याच्यापाशीं आंकड्यांत लिहिलेलें असतें. तेव्हां खरें कौशल्य पहारेकऱ्यास डोळे देण्यांत नसून त्यास आंधळा करण्यांत आहे. जें यंत्र जाणतें तें पहारेकऱ्यापासून लपवावें लागतें. १९८७ च्या खेळांत हा आंधळेपणा अगदीं साधा होता. पहारेकऱ्यास नाकासमोरच्या सरळ रेषेंत दिसे. त्या रेषेबाहेर नायक हातभर अंतरावर उभा असला तरी त्याचा त्यास पत्ता नसे. दिसलाच तर डोक्यावर उद्गारचिन्ह उमटे. एक चिन्ह उमटलें तर त्या पडद्यावरचेच शिपाई धावून येत. दोन उमटलीं तर बाहेरूनही कुमक येई. १९९० मध्यें दुसरा भाग आला, त्यांत पहारेकऱ्याची दृष्टि पंख्यासारखी पसरली, तो मान वळवूं लागला, आणि पावलांचा आवाजही त्याच्या कानीं पडूं लागला. लपंडावांत ज्याच्यावर राज्य आलें आहे तो मुलगा हळूहळू शहाणा होत जावा, तसाच हा प्रकार.

परंतु सर्वांत अधिक खपलेला हेर दुसराच ठरला. इंग्लंडांतील रेअर या कंपनीच्या दहाएक माणसांनीं, ज्यांतील बहुतेकांनीं पूर्वीं एकही खेळ केलेला नव्हता, १९९७ मध्यें "गोल्डनआय ००७" हा जेम्स बाँडचा खेळ निंटेंडो ६४ या यंत्रासाठीं काढला. मूळ चित्रपट येऊन तेव्हां जवळजवळ दोन वर्षें झालीं होतीं. म्हणून त्याजकडून कोणाची फारशी अपेक्षा नव्हती. ऐंशीं लाखांहून अधिक प्रती खपल्या. चौघांनीं एकाच पडद्याचे चार भाग करून एकमेकांशीं लढण्याची सोय शेवटच्या कांहीं महिन्यांत घातलेली होती, आणि तिच्याच पायीं पोरांनीं रात्री जागविल्या. लपण्यासही या खेळांत जागा होती. बंदुकीचा आवाज झाला कीं शेजारच्या दालनांतील पहारेकरी धावून येत. तरीही एकंदरींत हा गोळीबाराचाच खेळ.

या खेळासंबंधीं एक आठवण त्याचे मुख्य रचनाकार मार्टिन हॉलिस यांनीं २०१५ मध्यें एका व्याख्यानांत सांगितली. खेळ तयार होत असतां निंटेंडोचे विख्यात शिगेरु मियामोतो यांनीं कांहीं सूचना लिहून पाठविल्या. हत्या फार होत आहेत, असें त्यांत होतें. आणि पुढें अशी सूचना होती कीं, खेळाच्या शेवटीं नायकानें इस्पितळांत जाऊन सर्व जखमी शत्रूंशीं हस्तांदोलन करावें. ती सूचना जशीच्या तशी अमलांत आली नाहीं. मात्र हॉलिस यांनीं शेवटीं नाटकांतील पात्रपरिचयाप्रमाणें एकेका पात्राची ओळख करून देणारा प्रसंग जोडला. हें सर्व सोंग होतें असें प्रेक्षकास कळावें, हा त्यांतील हेतु. मियामोतोंची सूचना वाचून कोणी हंसेल. आम्हांस ती या सबंध इतिहासांतील अतिशय मार्मिक सूचना वाटते. आपण पाडलेला पहारेकरी कोण होता, हा प्रश्न तिनें प्रथम उघडपणें विचारला.

पुढल्याच वर्षीं, १९९८ मध्यें, कोजिमानें प्लेस्टेशन यंत्रासाठीं "मेटल गिअर सॉलिड" काढला. त्यांत शत्रुपक्षाचा एक मांत्रिक खेळणाऱ्याच्या मनांतील विचार ओळखतो. तो यंत्रांतील स्मरणपत्रिका वाचून, तुला अमका खेळ आवडतो, असें सांगूं लागतो. त्याला हरवावयाचें तर खेळणाऱ्यानें उठून आपल्या हातांतील नियंत्रकाची तार दुसऱ्या भोंकांत खुपसावी, म्हणजे मांत्रिकास मन वाचतां येत नाहीं! त्याच वर्षीं अमेरिकेंत "थीफ" हा खेळ आला. त्याचा नायक हेर नसून चोर आहे, परंतु हेरांच्या खेळांवरील त्याचें ऋण मोठें. फरशीवर पाऊल वाजतें आणि गालिच्यावर वाजत नाहीं, उजेडांत दिसतें आणि सांवलींत दिसत नाहीं, या साध्या अनुभवांवर सबंध खेळ उभारतां येतो, हें त्यानें दाखविलें. त्या धाग्यावरूनच कॅनडांतील माँट्रियल शहरीं यूबिसॉफ्ट कंपनीनें २००२ मध्यें "स्प्लिंटर सेल" रचला. त्यांतील सॅम फिशर हा प्रौढ हेर दिवे फोडून अंधार करतो आणि अंधारांत पाहण्याचा चष्मा चढवून पुढें सरकतो. "एलेव्हेटर ॲक्शन" मधील फुटलेला दिवा तो हाच.

आपल्या देशांत या सुमारास घरीं संगणक असणें ही चैनच होती. परंतु शहरांत व तालुक्याच्या गांवींही सायबर कॅफे निघाले होते. तेथें एका खेळानें हिंदी मुलांस जें वेड लाविलें, तसें त्याच्या जन्मभूमींतही लागलें असेल कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे. तो म्हणजे नॉर्वेंतील इनरलूप या मंडळींनीं २००० मध्यें काढलेला "प्रोजेक्ट आय. जी. आय.". इनरलूपनें अगोदर लढाऊ विमानाचा खेळ केला होता, व त्याचेंच यंत्र या खेळास जोडल्यामुळें मैदानें मैलोगणती पसरलेलीं असत. डेव्हिड जोन्स नांवाचा एकटा नायक टेकडीवर पडून दुर्बिणींतून शत्रूचा तळ न्याहाळतो, कॅमेरे कोठें आहेत तें टिपून घेतो, आणि धोक्याची घंटा वाजणार नाहीं अशा बेतानें कुंपण ओलांडतो. या खेळांत मोठी उणीव अशी कीं, मोहीम मध्येंच थांबवून तेथपर्यंतची प्रगति राखून ठेवतां येत नसे. अर्धा तास सरपटत गेल्यावर शेवटच्या दारापाशीं गोळी लागली, तर पुनः पहिल्यापासून आरंभ! युरोप-अमेरिकेंतील टीकाकारांनीं याबद्दल खेळास दोष दिला. परंतु तासाच्या हिशेबानें पैसे मोजणाऱ्या आपल्या मुलांस याच उणिवेनें सावधपणा शिकविला. एकजण खेळे, आणि मागें उभे असलेले चौघे कुजबुजत्या आवाजांत त्याला वाट सांगत. मरण महाग पडत असल्यामुळें बंदूक हातांत असूनही प्रत्येकजण दबकत चाले. आज तिशीचाळिशींत असलेल्या पुष्कळ पालकांस, आपल्या मुलांवर रागावण्यापूर्वीं, हा खेळ आठवावयास हरकत नाहीं.

त्याच वर्षाचा "नो वन लिव्हज् फॉरएव्हर" हा खेळ आज दुकानांत विकत मिळत नाहीं. त्याचे हक्क कोणत्या कंपनीकडे आहेत याचा उलगडा न झाल्यामुळें तो नव्यानें काढण्याचा प्रयत्नही फसला. ही हानि मोठी आहे. केट आर्चर ही त्याची नायिका स्कॉटलंडची, आणि काळ १९६० नंतरचा. परंतु त्यांतील खरी मौज पहारेकऱ्यांच्या गप्पांत आहे. भिंतीआड दडून ऐकावें तों ते आपल्या नोकरीविषयीं, घरच्या माणसांविषयीं बोलत असतात. तें ऐकल्यावर बंदुकीचा चाप ओढणें जड जातें.

कोजिमानें या प्रश्नाची तड २००४ मध्यें लाविली. "मेटल गिअर सॉलिड ३ : स्नेक ईटर" या खेळाची कथा १९६४ सालीं रशियाच्या अरण्यांत घडते. नायक झाडापाल्याच्या रंगाचे कपडे घालून गवतांत पडून राहतो. त्याच्याजवळ शत्रूस केवळ झोंपविणारें पिस्तूलही असतें, व ठार मारणारीं हत्यारेंही असतात. काय वापरावें तें खेळणाऱ्यावर सोपविलेलें आहे.  (अमेरिकेंत हा खेळ सतरा वर्षांवरील व्यक्तींसाठीं म्हणून नमूद आहे, तेव्हां खालच्या इयत्तांतील वाचकांनीं तूर्त त्याची हकीकत ऐकूनच समाधान मानावें.)

मग कथेच्या मध्यापलीकडे नायक एका नदींत उतरतो. पाणी कमरेइतकें, आणि समोरून धुकें. पुढें एका मृत माणसाचें भूत तरंगत असतें. नायकाजवळ हत्यार कांहीं नसतें, मारण्यासारखेंही कोणी नसतें. केवळ चालत राहावयाचें. आणि एकेक माणूस समोरून येऊं लागतो. हे ते सारे पहारेकरी, ज्यांस खेळणाऱ्यानें आजवर ठार मारलें. ज्याचा गळा चिरला तो गळा धरून येतो; जो जळाला तो जळत येतो. ज्यानें शेंकडों मारले असतील त्याला ही नदी संपता संपत नाहीं. ज्यानें झोंपविण्याचें पिस्तूल वापरलें, लपून वेळ काढली, त्याला कथेंत अटळपणें पडलेलीं चारदोन माणसें तेवढीं भेटतात, बाकी पाणी रिकामें असतें. १९८७ मध्यें आठव्या चित्रापुढें पडदा अडत होता. येथें त्याच खेळाच्या वंशांत यंत्र प्रत्येक मेलेल्या पहारेकऱ्याचा हिशेब ठेवूं लागलें होतें.

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत कोनामीनें हा खेळ नव्या यंत्रांसाठीं पुनः काढला. कोजिमा ती कंपनी दहा वर्षांपूर्वींच सोडून गेला होता. चित्रें पार बदललीं आहेत. गवताचें पान न् पान हालतांना दिसतें. नदीचा प्रसंग मात्र त्यांनीं ठेविला आहे.